टिकली हिरवीच होती

हर्षला म्हात्रेचा दम बाविसाव्या सेकंदाला तुटला आणि मैदानावरच्या अकरा मुली गप्प झाल्या.

पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या त्या शाळेत ती एकवीस वर्षं खेळ शिकवत होती. त्याआधी राज्याच्या संघातून चढाई करायची. सराव सुरू होण्याआधी मुलींसमोर उभं राहायचं, एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं आणि वेळ मुलींनी मोजायची, ही तिची रोजची पद्धत. आकडा ती खेळाडू असल्यापासून वहीत टिपून ठेवायची. तिशीत तिचा दम पन्नास सेकंदांच्या पुढे जायचा. मागच्या दिवाळीत तो अडतीसवर आला होता. आज बावीस. आणि तो तुटल्यावर तिला वाकून गुडघ्यांवर हात टेकावे लागले.

"बाई, बसता का जरा?" संघाची कप्तान मृण्मयी भोईर म्हणाली.

"नाही. तुझा मोज."

ती सरळ उभी राहिली. गळ्याखालच्या हाडाला लागून चिकटवलेली टिकली हिरवीगार होती.

या टिकलीबद्दल थोडं सांगायला हवं. २०४३ साली चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या छातीवर ती असे. शर्टाच्या बटणाएवढी चकती. आत एक बारीक माइक, हालचाल ओळखणारा एक तुकडा आणि हृदयाचे विद्युतस्पंद टिपणाऱ्या दोन तारा. टिकली श्वास ऐकायची. मिनिटाला किती, किती खोल, जिना चढल्यावर ताळ्यावर यायला किती वेळ. कारण हृदयाचं दुखणं नेहमी छातीतल्या कळेनेच येतं असं नाही, पुष्कळदा ते धापेने येतं. हृदयातून पुढे सरकायला हवं ते रक्त सरकलं नाही की मागे फुफ्फुसांत तुंबतं. तिथे ओल साठते, फुफ्फुसं जड होतात. माणूस स्वतःच्याही नकळत हळू चालायला लागतो, मधेच थांबून चप्पल नीट करायचं निमित्त काढतो आणि म्हणतो, वय झालं.

टिकली असली निमित्तं ऐकून घेत नसे. ती त्या माणसाच्या नोंदी त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या लाखो माणसांच्या नोंदींशी ताडून पाहायची आणि धोका वाटला तर पिवळी व्हायची. धोका जवळ आला असेल तर लाल. 'श्वाससाथ' नावाच्या योजनेने ती घरोघर दिली होती आणि तिने खरोखरच माणसं वाचवली होती. हर्षलाचे थोरले दीर दिलीपदादा त्यांतलेच एक. अंगणात भाजी निवडत बसले असताना त्यांची टिकली लाल झाली. त्यांना काहीच कळत नव्हतं आणि रुग्णवाहिका दारात उभी होती.

योजनेचा एक नियम मात्र होता. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, टिकली पिवळी झाल्याशिवाय करायची नाही. सरकारी असो की खासगी, सगळी यंत्रं योजनेच्या जाळ्याला जोडलेली होती. टिकली हिरवी असेल तर यंत्र सुरूच होत नसे. त्यामुळे रांगा संपल्या, आणि सगळे खूश होते.

हर्षलाचा नवरा प्रवीण गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. हात इतका स्थिर, की बोलतानाही रेघ हलत नसे. ती दुपारी कारखान्यात गेली तेव्हा त्याच्यापुढे हातभर उंचीची मूर्ती होती.

"आज बावीस झाले," ती म्हणाली.

"टिकली?"

"हिरवी."

"मग?"

"मग काय, मला धाप लागते. पाण्याच्या टाकीपर्यंत चढले की दोनदा थांबते. आडवी झाले की गुदमरतं. उशा दोन लागतात हे तुम्ही बघताय ना?"

त्याने कुंचला पाण्यात बुडवला. "तुझं वय एक्कावन्न. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. वजनही वाढलंय थोडं. दादाला काही होत नव्हतं तरी तिने ओळखलं. तुला होत असतं तर ओळखलं नसतं का?"

हर्षला कारखान्याबाहेर आली. तिने मुलीला, ऋजुताला, फोन लावला. टिकल्या बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत ऋजुता पडताळणी विभागात होती. लाखो श्वासांच्या नोंदी चाळणं हेच तिचं काम.

"आई, मी आत्ता बघितलं," ऋजुता म्हणाली. "तुझा धोका शंभरात तीन आहे. तुझ्या वयाच्या बायकांमध्ये तू चांगल्यांत मोडतेस. घाबरू नकोस. घाबरलं की श्वास आणखी उथळ होतो."

"मी घाबरलेली नाही. मी सांगतेय तुला."

"तेच ते, आई."

"तेच ते नाही," हर्षला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तालुक्यातल्या एका दवाखान्यात डॉ. आसिया मुकादम बसायच्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. हर्षला समोर बसायच्या आतच पडद्यावर तिची माहिती आली होती, आणि खाली संगणकाने धापेची कारणंही सुचवून ठेवली होती: वजन, पाळी जाण्याचं वय, मनावरचा ताण.

"ताण आहे का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. माझं कुणी ऐकत नाही याचा."

डॉक्टरांनी वर पाहिलं. स्टेथोस्कोप लावून छाती तपासली. खुर्चीत निवांत बसलेल्या हर्षलाच्या छातीत काही वेगळं ऐकू आलं नाही. मग झोपेविषयी विचारलं. दोन उशांचं ऐकल्यावर मात्र त्या थांबल्या. पडद्यावर इकोची मागणी भरली. 'निकष पूर्ण नाहीत', असं उत्तर आलं. पुन्हा भरली. पुन्हा तेच.

"डॉक्टर तुम्ही आहात की ते?" हर्षलाने पडद्याकडे बोट दाखवलं.

"चार वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर उत्तर सोपं होतं."

"आणि टिकली नसतीच तर?"

डॉ. मुकादमनी खुर्ची पडद्यापासून वळवली. "ज्यांना टिकली नाही त्यांना जुना नियम लागतो. डॉक्टरला गरज वाटली तर इको. पण त्यासाठी सलग तीस दिवस नोंद नसावी लागते. हे करा असं मी तुम्हाला सांगत नाहीये."

"तुम्ही सांगितलंच नाही. मी विचारलं."

"म्हात्रेबाई, नीट ऐका. बसल्या जागी धाप लागली, चक्कर आली, पाय सुजले, खोकल्यातून गुलाबी फेस आला, यातलं काहीही झालं तर तीस दिवस मोजत बसायचं नाही. लगेच यायचं. मी दारात उभं राहून भांडेन."

"आणि मैदान?"

"पळायचं नाही. दम घालायचा नाही. शिकवायचं तेवढं शिकवा."

त्या संध्याकाळी हर्षलाने जेवणाच्या टेबलाशी बसून टिकली नखाने उचकटली आणि स्टीलच्या वाटीत टाकली. दिवा विझला. प्रवीण उभाच राहिला.

"वेड लागलंय का तुला?"

"नाही."

"उद्या तुला काही झालं तर कळणार कुणाला?"

"तुम्हाला. तुम्ही आहात ना जवळ."

त्याला राग आला होता आणि रागाखाली भीती होती. दिलीपदादाला रुग्णवाहिकेत चढवताना त्याने स्वतः धरलं होतं. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने आपली गादी तिच्या बाजूला ओढली, आणि त्यानंतर तो रोज तिचा श्वास ऐकत जागा राहू लागला. तिने कुशीवर वळून आणखी एक उशी मागितली की काही न बोलता द्यायचा. आठव्या दिवशी तो चहा गाळताना म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीयेस."

"मी कधी बोलले होते?"

"तसं नाही. मी कधी ऐकलंच नव्हतं. टिकली होती ना."

शाळेचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. चाळिशीपुढच्या कुणालाही टिकलीशिवाय मैदानावर पाऊल ठेवू द्यायचं नाही, असा आदेश होता. मुख्याध्यापक भला माणूस होता, पण आदेश त्याच्या टेबलावर काचेखाली होता.

"मॅडम, तीन आठवड्यांवर जिल्ह्याची स्पर्धा आहे. लावा ना ती परत. हिरवी तर आहे."

"हिरवी आहे म्हणूनच काढलीय, सर."

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली. तारेच्या जाळीतून मैदान दिसत होतं. तिथूनच तिने शिकवायला सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा पोचत नव्हता, म्हणून मुली जाळीपर्यंत यायच्या, ऐकायच्या आणि परत जायच्या. येणारे-जाणारे थांबून बघायचे. पंचायत समितीच्या सभापतीने मोटारसायकल थांबवून विचारलं, की बाई, हा काय उपोषणाचा प्रकार आहे का. "नाही," ती म्हणाली, "तालमीचा आहे." खुर्ची तिथेच राहिली.

बाराव्या दिवशी ऋजुता पुण्याहून आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच भांडायला लागली. आपली आई टिकली काढून बसलीय हे ऑफिसात सगळ्यांना कळलंय, आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, आणि मुख्य म्हणजे हा जिवाशी खेळ आहे. हर्षलाने तिला पूर्ण बोलू दिलं. मग कपाटातून सात वह्या काढून समोर ठेवल्या.

"हे काय?"

"माझा दम. सव्वीस वर्षांचा."

तारीख, सेकंद, आणि कुठे काही वेगळं असेल तर एखादा शब्द. 'सर्दी.' 'प्रवास.' 'ऋजुता झाल्यावर पहिला दिवस – १९.' ऋजुताने ते वाचलं आणि खाली बसली. मग लॅपटॉप काढून आकडे भरायला लागली. दुपार त्यातच गेली. शेवटी पडद्यावर रेघ उमटली. चोवीस वर्षं ती रेघ जवळजवळ सपाट होती, किंचित उतरती. शेवटच्या दीड वर्षात कड्यावरून दगड सुटावा तशी खाली आली होती.

"समजावून सांग," हर्षला म्हणाली.

"टिकली तुला तुझ्याशी ताडून बघत नाही, आई. इतर बायकांशी बघते. एक्कावन्न वर्षांच्या साध्या बाईचा दम वीस-बावीस सेकंदांचा असतो. तू पन्नासवरून बावीसवर आलीस. टिकलीच्या लेखी तू अजून सर्वसाधारण आहेस." तिने रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "तू जेवढं गमावलंस तेवढं बाकीच्यांकडे मुळातच नव्हतं. म्हणून ते दिसलंच नाही."

"मी सांगत होते तेव्हा दिसलं असतं."

"सांगितलेलं भरायला टिकलीत जागाच नाही. 'तुम्हाला काय होतंय' हा प्रश्न पहिल्या आराखड्यात होता. लोक उगाच काहीही सांगतात म्हणून नंतर काढून टाकला." तिने लॅपटॉप मिटला. "तो काढण्याच्या कागदावर माझीही सही आहे."

हर्षलाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण 'असू दे' असं म्हणाली नाही.

जिल्ह्याची स्पर्धा तिच्याशिवाय झाली. मुली उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरल्या. मृण्मयी फोनवर रडली. आपण तिथे असतो तर शेवटची चढाई कुणाला द्यायची हे हर्षलाला ठाऊक होतं.

एकतिसाव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ती दारात होती. सोबत प्रवीण. डॉ. मुकादमनी या महिन्यात जुनी पाठ्यपुस्तकं काढून वाचली होती.

"हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "जिना चढा. जमेल तेवढाच. मी बरोबर आहे."

चौदा पायऱ्या झाल्यावर हर्षला थांबली. डॉक्टरांनी तिला लगेच खाटेवर डाव्या कुशीवर झोपवलं, स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला टेकवला आणि डोळे मिटले. ठोक्यांच्या मधे, अगदी खालच्या पट्टीत, लांबून बैलगाडी जावी तशी घरघर होती.

"लहानपणी कधी घसा दुखून ताप आला होता? त्यामागून सांधे सुजले होते?"

"अकरा वर्षांची होते. महिनाभर शाळा बुडाली. गुडघे आणि मनगटं." हर्षला उठून बसली. "त्याचं आता काय?"

"त्या तापाने कधीकधी हृदयाची झडप दुखावते. चाळीस वर्षं ती हळूहळू कडक होत जाते."

या वेळी यंत्र सुरू झालं. पडद्यावर हृदय उघडमीट करत होतं आणि डाव्या बाजूची, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी झडप नीट उघडत नव्हती. जिथून दोन बोटं आरामात जावीत, तिथून करंगळी जेमतेम गेली असती. स्वस्थ बसलं की रक्ताला त्या फटीतून जायला वेळ मिळायचा. चढ लागला, ठोके वाढले की झडप उघडी राहायचा वेळ कमी व्हायचा आणि रक्त मागे फुफ्फुसांत चढायचं. टिकलीचा माइक श्वास ऐकण्यासाठी होता. ती खालच्या पट्टीतली घरघर तो रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज समजून गाळून टाकत होता.

"आणखी वर्षभर अशीच गेली असती तर?" प्रवीणने विचारलं.

"वर्षभर गेलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या.

मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेऊन तिथे एक लहान फुगा फुगवतात आणि चिकटलेली झडप मोकळी करतात. हर्षलाची झडप तशी मोकळी झाली. चौथ्या दिवशी ती एका उशीवर झोपली. प्रवीण मात्र जागाच राहिला, सवयीने.

महिन्याभराने योजनेच्या कार्यालयातून पत्र आलं. विनापरवानगी टिकली काढून योजनेची नोंद खंडित केल्याबद्दल समक्ष खुलासा द्यावा आणि टिकली पुन्हा लावून घ्यावी. ऋजुता म्हणाली, लेखी माफी दे, मिटून जाईल. मग स्वतःच म्हणाली, "नको. देऊ नकोस. मीही वरच्यांना लेखी कळवलंय, तो प्रश्न परत घाला म्हणून. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, असं उत्तर आलं."

"एका बाईवरून," हर्षला म्हणाली.

मग तिने शाळेतल्या मुलींना एक काम सांगितलं. घरी जायचं आणि आई, आजी, मावशी, शेजारीण, सगळ्यांना एकच विचारायचं: मागच्या वर्षी जेवढं चालत होतीस तेवढं आज चालवतं का? टिकलीकडे बघायचं नाही. फक्त विचारायचं आणि काय सांगतील ते लिहून आणायचं.

खुलाशाच्या दिवशी कार्यालयातले अधिकारी रणपिसे फाइल उघडून बसले होते. वागायला सभ्य, पन्नाशीचे, स्वतःची टिकली शर्टाच्या वरच्या बटणाखाली नीट दिसेल अशी.

"बाई, तुमच्या बाबतीत चूक झाली हे मान्य," ते म्हणाले. "पण तुमचं बघून लोकांनी टिकल्या काढल्या तर माणसं मरतील. ते तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार. माझ्या दिरांना तिनेच वाचवलंय. काढा असं मी कुणालाही सांगितलेलं नाही."

"मग तुमची लावून घ्या. विषय संपला."

"लावते. ज्या दिवशी तिच्यात मला काय होतंय ते सांगायला जागा होईल, त्या दिवशी."

"तसा रकाना नाही, बाई. मी तो तयार करू शकत नाही."

"कागद तर आहे ना तुमच्याकडे?"

रणपिसे हसले आणि फाइल मिटायला लागले. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. बाहेरच्या व्हरांड्यात, मुलींनी ज्यांना विचारलं होतं त्या बायका उभ्या होत्या. आठ-दहा असतील असं वाटलं, पण रांग जिन्यावरून खाली गेली होती आणि जिना चढून आलेल्या काहीजणी भिंतीला टेकून श्वास घेत होत्या. प्रत्येकीच्या गळ्याखाली हिरवा दिवा होता. डॉ. मुकादम त्यांच्यामधून वाट काढत आत आल्या, भिंतीजवळचा स्टूल ओढला आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला.

"हे काय चाललंय?" रणपिसे उठले. "सगळ्यांच्या हिरव्या आहेत. मग आल्या कशाला?"

रांगेत सगळ्यात पुढे हिराबाई कोळी होती. साठीची, कोळंबी सोलून बोटं पांढरी पडलेली. तिने हर्षलाकडे पाहिलं. हर्षलाने आपली खुर्ची तिला दिली.

हिराबाई बसली. टेबलावरचं पेन उचलून तिने साहेबांच्या हातात दिलं.

"मना धाप लागते," ती म्हणाली. "लिवा."